चिलापी म्हणजे नेमका कोणता मासा? भीमाकाठच्या एका नावाचा आढावा

पुण्याहून सोलापूरकडे निघाले की साठेक किलोमीटरवर दौंड तालुक्यातले वरवंड लागते. गावाजवळचा व्हिक्टोरिया तलाव खडकवासल्याहून येणाऱ्या मुठा कालव्याच्या पाण्यावर भरतो. पूर्वेला उजनी धरणाचे, म्हणजे यशवंतसागराचे, फुगवट्याचे पाणी भीमेच्या पात्रातून दौंड तालुक्यात शिरते. या पट्ट्यात मासळीचा विषय निघाला की पहिले नाव येते चिलापीचे. भिगवणच्या बाजारात तिचा लिलाव होतो, महामार्गावरच्या खानावळींच्या पाट्यांवर ‘चिलापी फ्राय’ लिहिलेले असते आणि शेततळ्यात मासे सोडू पाहणारा शेतकरी तिचीच बोटुकली विचारतो.

हे नाव मात्र जितके सर्वांच्या तोंडी आहे तितके ते निश्चित नाही. चिलापी म्हणजे एक जात की अनेक? हा शब्द मराठीत कुठल्या वाटेने आला? आणि एवढ्या सैल अर्थाच्या नावावर कायदा, संशोधन आणि बाजार यांचा व्यवहार चालू शकतो का? या तीन प्रश्नांची आजची स्थिती पाहण्याआधी भीमेच्या खोऱ्यातल्या मासेनावांचा जुना इतिहास पाहणे उपयोगाचे ठरते, कारण असा पेच या खोऱ्यात पहिल्यांदा पडलेला नाही.

आधीची नावे: शिरूरची घोडनदी आणि कर्नल साइक्स

दख्खनच्या गोड्या पाण्यातल्या माशांची पहिली मोठी शास्त्रीय नोंद विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने केली. मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तकार म्हणून १८२४ ते १८३१ या काळात तो दख्खनभर हिंडला. त्याने जमवलेल्या माशांची वर्णने लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या प्रकाशनांत १८३९ आणि १८४१ साली छापली गेली. अनेक नव्या जातींना शास्त्रीय नाव देताना त्याने स्थानिक मराठी नावच उचलले. शिंगटीवरून ‘सींगटी’, घोगऱ्यावरून ‘गोग्रा’, मळ्यावरून ‘मुल्या’ ही जातिनामे तयार झाली आणि ती आजही जगभरच्या ग्रंथांत वापरात आहेत. पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीराला त्याने ‘खुद्री’ म्हटले. दख्खनचा निळ्या परांचा महाशीर आज ‘टॉर खुद्री’ याच नावाने ओळखला जातो.

शिरूरला घोडनदी असेही म्हणतात. तिथे याच नावाच्या नदीत साइक्सला आणखी एक मासा मिळाला. त्याला त्याने ‘बार्बस मुसुल्ला’ असे नाव दिले आणि तिथूनच एका दीर्घ गोंधळाची सुरुवात झाली. ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो नमुना संग्रहात टिकला नाही. पुढे विसाव्या शतकात ‘मुसुल्ला’ हे नाव कावेरीतल्या कुबड्या महाशीराला चिकटले आणि अनेक दशके तसेच वापरले गेले. २०१३ साली नाइट, राय आणि डिसूझा या अभ्यासकांनी साइक्सचे वर्णन पुन्हा तपासले. त्यांच्या मते घोडनदीचा मासा महाशीर नव्हताच, तो ‘हिप्सेलोबार्बस’ या वेगळ्या प्रजातीतला होता. २०१८ साली पिंडर आणि सहकाऱ्यांनी कावेरीच्या कुबड्या महाशीराची ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पक्की केली. या अभ्यासगटात पुण्याच्या आयसर संस्थेतले नीलेश डहाणूकरही होते. तोवर हा मासा अतिसंकटग्रस्त झाला होता.

‘मुसुल्ला’ या रोमन रूपामागे मासोळीच्या कुळातला एखादा शब्द होता की आणखी काही, हे नुसत्या रोमन अक्षरांवरून सांगता येत नाही. पण प्रकरणाचा धडा स्पष्ट आहे. स्थानिक नाव नोंदले, पण त्या नावाचा मासा जपून ठेवला नाही, तर पुढच्या पिढ्यांना ते नाव कुठल्याही माशाला लावता येते. चिलापीच्या चर्चेत हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

चिलापीचे आगमन

पुण्याच्या माशांच्या जुन्या याद्या फ्रेझर यांनी १९४२ साली आणि सुटर यांनी १९४४ साली प्रसिद्ध केल्या. त्यांत चिलापी असणे शक्यच नव्हते, कारण हा मासा तेव्हा भारतातच नव्हता. ‘ओरिओक्रोमिस मोझांबिकस’, म्हणजे मोझांबिक तिलापिया, १९५२ साली भारतात आणला गेला. मद्रास राज्यातल्या मंडपमच्या तळ्यांत तो वाढवला गेला आणि तिथून दक्षिणेतल्या तलावांत आणि जलाशयांत पसरला. स्वातंत्र्यानंतरच्या अन्नटंचाईच्या दिवसांत लवकर वाढणारा, काहीही खाणारा आणि घाण पाण्यातही तग धरणारा मासा म्हणून त्याच्याकडून फार अपेक्षा होत्या.

या अपेक्षांना लवकरच धक्का बसला. या माशाची मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिले वाचण्याचे प्रमाण मोठे. मासा दोन-तीन महिन्यांतच प्रजननक्षम होतो. तळ्यात गर्दी होते, अन्न पुरत नाही आणि सगळे मासे खुजे राहतात. तमिळनाडूतल्या अमरावती जलाशयात चिलापीचेच प्राबल्य झाले. राजस्थानच्या जयसमंदमध्ये कटला-रोहूसारख्या माशांवर झालेला परिणाम पुढे वारंवार उदाहरण म्हणून दिला गेला. १९५९ साली भारतीय मत्स्य संशोधन समितीने तिच्या प्रसाराला बंदी केली. पण तोवर मासा पाण्यात गेला होता, आणि पाण्यात गेलेला मासा कागदावरच्या आदेशाने बाहेर येत नाही.

दुसरी जात नंतर आली. नाइल तिलापिया, म्हणजे ‘ओरिओक्रोमिस निलोटिकस’, १९७०च्या दशकात भारतात पोचली. ती मोझांबिकहून मोठी होते आणि वेगाने वाढते. १९८८ पासून फिलिपिन्समध्ये निवड-पैदाशीतून तिचा ‘गिफ्ट’ हा सुधारित वाण घडवला गेला. केंद्र सरकारने २००९ साली तिलापियाच्या जबाबदार संवर्धनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार परवानगी घेऊन, पाणी बाहेर जाणार नाही अशी व्यवस्था करून, फक्त नर किंवा वंध्य बोटुकली वाढवता येतात. पुढे जलाशयांतल्या पिंजरा संवर्धनातही या वाणाला जागा मिळाली.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची साठवण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. वाहत्या भीमेचे रूपांतर उथळ काठाच्या विस्तीर्ण जलाशयात झाले. मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी येत राहिल्याने शेवाळ वाढले, आणि चिलापीला तर असेच पाणी मानवते. आज भिगवण, इंदापूर, दौंड, करमाळा या भागांतल्या मच्छीमारांच्या रोजच्या जाळ्यात तिचा वाटा मोठा आहे.

नावाची वाट: तीन मते

‘तिलापिया’ हे शास्त्रीय नाव अँड्र्यू स्मिथ याने १८४० साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशासाठी योजले. तिथल्या त्स्वाना भाषेतल्या ‘मासा’ या अर्थाच्या शब्दावरून ते घेतले, असे साधारणपणे मानले जाते. म्हणजे मूळ शब्द स्थानिक, त्याचे झाले लॅटिन, आणि तेच पुन्हा जगभरच्या बोलींत उतरले. भीमाकाठी ते ‘चिलापी’ कसे झाले, याची तीन स्पष्टीकरणे मांडता येतात.

पहिले स्पष्टीकरण थेट उसनवारीचे. मत्स्य खात्याचे कर्मचारी आणि बीजविक्रेते यांच्याकडून ‘तिलापिया’ कानावर पडले आणि बोलीने ते आपल्या वळणावर आणले. शेवटचा ‘इया’ गळून ‘ई’ उरली आणि शब्द मांदेली, कोळंबी, मुडदुशी यांच्या पंक्तीत बसला. मराठीत मासळीची पुष्कळ नावे अशी ईकारान्त स्त्रीलिंगी आहेत, त्यामुळे ‘चिलापी’ कानाला परकी वाटत नाही. या मतापुढची अडचण पहिल्या अक्षराची आहे. इंग्रजीतला ‘ट’ मराठी सहसा ‘ट’च ठेवते. टायर, टेबल यांत तो बदलला नाही. मग इथेच ‘च’ का? ‘ति’ हा दंत्य उच्चार ऐकला गेला आणि पुढच्या इकारामुळे तो तालव्य ‘चि’कडे झुकला, असे उत्तर यावर देता येते. चिमणीतला ‘चि’ आणि चिलापीतला ‘चि’ एकच, ही गोष्ट त्याला पूरक आहे.

दुसरे स्पष्टीकरण दक्षिणेकडे पाहते. तमिळमध्ये या माशाला ‘जिलेबी’ किंवा ‘जिलापी’ या वळणाची नावे आहेत आणि कन्नड-तेलुगू भागांतही ‘जिलेबी’ ऐकू येते. हा मासा भारतात आधी दक्षिणेत पसरला हे लक्षात घेतले, तर नाव बीजाबरोबर किंवा व्यापाऱ्यांबरोबर वर आले असणे शक्य आहे. भीमा पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते आणि सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू या तिन्ही भाषा शेजारी नांदतात. ‘जि’पासून ‘चि’पर्यंतचे अंतरही फार नाही. या मताचे बळ भूगोलात आहे. शब्द या वाटेने गेल्याची कालानुक्रमे नोंद मात्र अजून कोणी पुढे ठेवलेली नाही.

तिसरे मत असे की एकच उगम शोधण्याचा आग्रह धरू नये. परका शब्द अनेक ठिकाणी एकाच वेळी ऐकला जातो आणि बोली तो सारख्याच नियमांनी घडवते. त्यामुळे तमिळ जिलापी आणि मराठी चिलापी ही एका शब्दाची दोन स्वतंत्र रूपे असू शकतात. मुंबईच्या बाजारात आजही ‘तिलापिया’ ऐकू येते, म्हणजे मराठीतच या माशाची दोन रूपे नांदत आहेत.

नावाखाली कोणते मासे

नावाच्या उगमाचा प्रश्न अभ्यासकांचा आहे, पण नावाच्या अर्थाचा प्रश्न पोटापाण्याशी जोडलेला आहे. इथे मुख्यतः तीन भूमिका दिसतात.

मच्छीमार, आडतदार आणि खाणारे यांच्यासाठी चिलापी ही एकच चीज आहे. उंच चपटे अंग, पाठीवर काटेरी लांब पर, जाड खवले. लिलावात भाव ठरतो तो आकारावर आणि ताजेपणावर. मोझांबिक आहे की नाइल, याने रश्श्याच्या चवीत फरक पडत असेल तरी गिऱ्हाईक तसे विचारत नाही. या भूमिकेला तर्कही आहे. बोलीभाषा गरजेपुरतेच भेद करते. मरळ, वाम, शिवडा, शिंगटा या नावांतही प्रत्येक वेळी एकाच शास्त्रीय जातीचा बोध होतो असे नाही, आणि त्यामुळे कोणाचा व्यवहार अडलेला नाही.

मत्स्यशास्त्रज्ञांची भूमिका वेगळी आहे. त्यांच्या दृष्टीने ‘चिलापी’खाली निदान तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: मोझांबिक, नाइल आणि या दोघांचे संकर. शेपटीवर ठळक उभे पट्टे असले तर नाइल, प्रजननकाळातल्या नराचे अंग काळे, गळा पांढरट आणि परांच्या कडा लालसर असल्या तर मोझांबिक, अशा खुणा पुस्तकांत दिलेल्या आहेत. संकरांत या खुणा मिसळतात. हा भेद केवळ वर्गीकरणाच्या हौसेचा नाही. नाइल तिलापिया गंगा-यमुनेत पसरली तेव्हा कुठली जात किती वेगाने वाढते आहे, हे कळण्यासाठी नोंदी जातवार असणे आवश्यक ठरले. आफ्रिकेत तर उलटाच प्रसंग ओढवला. मोझांबिक तिलापिया तिच्या मूळ नद्यांत नाइलशी संकर होऊन धोक्यात आली आहे आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती ‘असुरक्षित’ गटात आहे. तोच मासा जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीतही आहे.

खुद्द शास्त्रीय नावही स्थिर राहिलेले नाही. पूर्वी हे सारे मासे ‘तिलापिया’ याच प्रजातीत होते. एथेलविन ट्रेवावस यांनी १९८३च्या ग्रंथात अंडी सांभाळण्याच्या पद्धतीवरून त्यांची विभागणी पक्की केली. पाण्याच्या तळावर अंडी घालणारे ‘तिलापिया’त राहिले आणि मादी तोंडात अंडी सांभाळते ते ‘ओरिओक्रोमिस’मध्ये गेले. म्हणजे आपली चिलापी आता शास्त्राच्या दृष्टीने तिलापिया राहिलेली नाही. शास्त्राचे नाव बदलले आणि बोलीचे टिकले, ही गोष्ट बोलीच्या बाजूने बोलणारे आवर्जून सांगतात.

तिसरी भूमिका प्रशासनाची आणि संवर्धकांची. कागदावर परवानगी आहे ती नाइलच्या सुधारित, एकलिंगी बोटुकलीला. मोझांबिकच्या प्रसारावर जुनी बंदी आहे. पण शेतकरी ‘चिलापीचे बीज’ मागतो तेव्हा त्याला यातले नेमके काय मिळते, हे नावावरून ठरत नाही. एकलिंगी नर घेतले तर तळ्यात गर्दी होत नाही. मिश्र बीज आले तर दोन हंगामांत तळे खुज्या माशांनी भरते. दौंड-शिरूर भागात शेततळी भरपूर आहेत आणि कालव्यांचे जाळेही आहे. एका तळ्यातून सुटलेला मासा ओढ्यावाटे भीमेत जायला वेळ लागत नाही.

देशी की परकी

याला लागूनच दुसरा वाद आहे. दोन-तीन पिढ्यांनी चिलापी खाल्ली, तिच्यावर घरे चालवली आणि भिगवणची ओळख तिच्याशी जोडली गेली. उजनीकाठच्या अनेकांच्या मनात ती इथलीच मासळी आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र भीमेच्या खोऱ्यात या कुळाचा एकही मूळ मासा नाही. भारतात सिक्लिड कुळाचे स्थानिक मासे मोजके आहेत आणि ते दक्षिणेचे व किनारपट्टीचे. गोव्यात आवडीने खाल्ली जाणारी काळुंदर त्यांतलीच.

चिलापीमुळे देशी मासे हटले, असे एक मत. ती इतरांची अंडी-पिले खाते, काठावरच्या जागा व्यापते आणि वर्षातून अनेकदा विते, ही त्यामागची कारणे. दुसरे मत असे की धरणांनी वाहते पाणी अडवले, सांडपाण्याने प्राणवायू घटवला, बारीक आसाच्या जाळ्यांनी पिलेही उपसली. देशी मासे आधीच मागे हटत होते आणि रिकामी झालेली जागा चिलापीने भरली. टोणपी आणि मुल्हेरकर यांनी १९६३ साली, तर वाघ आणि घाटे यांनी २००३ साली पुण्याच्या माशांच्या याद्या नव्याने केल्या. जुन्या याद्यांशी त्या ताडून पाहता बदल झाल्याचे दिसते, पण यादी कारण सांगत नाही. दोन्ही मतांत तथ्य आहे. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे ठरवायला उजनीसारख्या जलाशयाची वर्षानुवर्षांची जातवार आकडेवारी हवी.

इतर पाहुण्यांची नावे

चिलापीचा प्रश्न सुटा नाही. बाहेरून आलेल्या माशांना मराठीने निरनिराळ्या रीतींनी नावे दिली आहेत. ग्रास कार्पला ‘गवत्या’ आणि सिल्व्हर कार्पला ‘चंदेऱ्या’ म्हटले गेले, कारण खाणे आणि रंग सहज दिसतात. कॉमन कार्पसाठी त्याचे शास्त्रीय नावच ‘सायप्रिनस’ म्हणून रूढ झाले. दक्षिण अमेरिकेतला पाकू ‘रूपचंद’ या बाजारी नावाने खपतो आणि पंगास ‘बासा’ नावाने ताटात येतो.

नावाच्या सैलपणाचा फटका कसा बसतो, हे मांगूरच्या बाबतीत सर्वांत ठळकपणे दिसले. आफ्रिकी मांगूरच्या पैदाशीला देशात बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादाने ती अमलात आणण्याचे आदेश दिले आहेत. देशी मागूर हा वेगळा मासा, त्याला बंदी नाही. पण दोन नावांत फरक उरतो एका अनुस्वाराचा, आणि तोही बोलताना पुसला जातो. त्यामुळे बंदी एका माशावर आणि संशय दोघांवर, अशी स्थिती येते. चिलापीच्या बाबतीत तर अनुस्वाराइतकाही फरक नाही.

काय ठरले, काय राहिले

एवढ्या चर्चेतून काही गोष्टी निश्चित म्हणता येतात. चिलापी हे एका जातीचे नाव नाही, ते एका गटाचे नाव आहे. तो गट आफ्रिकेतून आलेला आहे आणि भारतातला त्याचा इतिहास १९५२ पासूनचा आहे. नावाचे मूळ ‘तिलापिया’तच आहे, यावर तिन्ही मतांचे एकमत आहे.

तीन गोष्टी अनिर्णित आहेत. शब्द थेट आला की दक्षिणेच्या वाटेने, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर १९५० ते १९८० या काळातल्या बीजवाटपाच्या नोंदवह्या, तलावांच्या ठेक्यांची कागदपत्रे आणि वृद्ध मच्छीमारांच्या आठवणी यांत मिळू शकते. उजनीत आणि व्हिक्टोरियासारख्या कालव्यावरच्या तलावांत मोझांबिक, नाइल आणि संकर यांचे प्रमाण काय, हा दुसरा. तो जनुकीय तपासणीनेच सुटेल, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा आता पुरत नाहीत. देशी माशांच्या घटीत चिलापीचा वाटा किती, हा तिसरा.

नाव बदलण्याची सूचना कधीकधी केली जाते. तिची गरज नाही. बोलीत रुजलेला शब्द परिपत्रकाने जात नाही आणि जाऊही नये. गरज आहे ती नावापुढे एक विशेषण जोडण्याची. बीजकेंद्राच्या पावतीवर, परवान्यावर आणि मत्स्य खात्याच्या उत्पादन नोंदीत ‘मोझांबिक चिलापी’, ‘नाइल चिलापी’, ‘गिफ्ट चिलापी’ असे लिहिले, तर बाजाराचा शब्द शाबूत राहील आणि कायद्याला व संशोधनाला हवा तो भेदही मिळेल.

आणि घोडनदीच्या ‘मुसुल्ला’चा अनुभव लक्षात घेता नुसती नावे गोळा करून भागणार नाही. दौंड, शिरूर, इंदापूर, करमाळा इथल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी मच्छीमार सहकारी संस्थांना सोबत घेऊन हे काम करावे. प्रत्येक स्थानिक नावाबरोबर माशाचे छायाचित्र, जपलेला नमुना, जागा आणि तारीख नोंदवावी, आणि नाव सांगणाऱ्याचा उच्चार ध्वनिमुद्रित करावा. चिलापीपासून सुरुवात करता येईल, पण शिंगटी, घोगरा आणि मळ्या यांची नोंद अधिक तातडीची आहे, कारण ती नावे जाणणारी माणसे आता म्हातारी होत आहेत.